थांबाबाईंचा नवा गुडघा

तळ्याकाठच्या पायवाटेवर माझ्या सासूबाईंना सगळे थांबाबाई म्हणतात. प्राणी-पक्षी बघायला आलेल्या लोकांना फिरवून आणायचं हे त्यांचं काम. वाटेत मध्येच त्या हात वर करून "थांबा!" म्हणायच्या, की माणसं जागच्या जागी उभी. दुर्बिणी वर. खोकला आला तरी गिळायचा. मी फाटकाजवळच्या खिडकीत तिकिटं देते, त्यामुळे परतणाऱ्यांचे चेहरे मला दिसतात. थांबाबाईंचा घोळका काहीतरी बघूनच यायचा. कधी पाणमांजर, कधी माळावरचा कोल्हा, कधी ढोलीतलं घुबड. "काय नजर आहे हो बाईंची!" असं म्हणत लोक जायचे आणि मी मूग गिळून बसायचे.

कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. नजर कसली, त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. संध्याकाळी तेल लावून चोळायला मीच होते ना! दलदल संपून चढ लागला की पहिली कळ यायची, माळावर दुसरी, आणि झाडीतल्या पायऱ्यांवर तर जीवच जायचा. "तिथे काही नसतं गं," त्या म्हणायच्या. "मी आपलं वाटेल तिकडे बोट दाखवते. गुडघा निवला की पुढे." पण इतकी माणसं इतका वेळ गप्प उभी राहिली, की कुठून ना कुठून काहीतरी बाहेर यायचंच. गुडघ्याचं श्रेय डोळ्यांना मिळत होतं आणि सासूबाईंना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. दुखणं कळलं तर कचेरीतले साहेब घरी बसवतील, ही धास्ती मात्र कायम असायची.

शेवटी एकदा त्या झाडीतल्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. लोकांनी उचलून फाटकापर्यंत आणलं. मग दवाखाना, ऑपरेशन, भिंतीला धरून चालणं, माझ्या नवऱ्यावर म्हणजे स्वतःच्या मुलावर ओरडणं, सगळं यथासांग झालं. नवा गुडघा झकास बसला. साहेबांनीही त्यांना मोठ्या मनाने कामावर परत घेतलं.

आणि तिथून घोळ सुरू झाला. बाईंच्या पायाला भिंगरी लागली. पहिल्याच दिवशी त्यांचा घोळका इतक्या लवकर परतला, की मला वाटलं कुणाला साप चावला. सगळे घामाघूम. "काय दिसलं?" मी विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, "एक कावळा आणि बाईंची पाठ."

तक्रारी वाढल्या. मी त्यांना म्हटलं, "अहो, पूर्वीसारखं थांबत जा की." त्यांनी करून पाहिलं. पण दुखत नसताना माणूस उभा तरी किती राहणार? क्षणभर बोट दाखवायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, "चला, काही नाहीये इथे."

साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्यांनाही वर उत्तरं द्यावी लागतात. म्हणाले, "रविवारची फेरी करा, बाई. त्या वेळीही असंच झालं तर मात्र तुम्ही फाटकावर बसा, आत दुसऱ्या कुणाला तरी पाठवू."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. "फाटकावर बसून करू काय? दिवसभर तुझं तोंड बघू?"

"बघा की. त्याला तिकीट नाही."

एरवी यावर मला चार शब्द ऐकावे लागले असते. त्या दिवशी मात्र त्या उठून भांडी लावायला लागल्या आणि म्हणाल्या, "ती वाट सुटली तर मी संपले गं."

रविवारी नवऱ्याला खिडकीत बसवून मी घोळक्याच्या मागे चालायला गेले. मागचे रेंगाळतात, त्यांना हाकायला कुणीतरी हवं, असा सासूबाईंचा हुकूम होता. सगळ्यांत मागे एक म्हातारे टेलरमास्तर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. दलदलीच्या कडेने ते दर थोड्या अंतरावर वाकत आणि मला म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी लेस बांधून येतो."

त्यांच्या बुटांना लेस नव्हती.

पुढचे लोक चढापर्यंत पोचले होते. सासूबाई नेहमीसारख्या सुसाट. माणसं मोजायला म्हणून त्या वळल्या आणि मास्तर पाऊल कसं टाकतात हे त्यांना दिसलं. त्या बघतच राहिल्या. मग त्यांचा हात वर गेला.

"थांबा!"

बोट पाणकणसांच्या दाटीकडे. मी त्यांना ओळखून आहे, तिथे काहीही नव्हतं. लोक थबकले. मास्तर हळूहळू येऊन पोचले. बाईंनी त्यांना कडेच्या दगडावर बसवलं आणि कानाशी म्हणाल्या, "इथूनच नीट दिसतं."

या वेळी त्यांना मुळीच घाई नव्हती. मास्तरांचा श्वास जागेवर येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. एक तरुण चुळबुळ करायला लागला, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पाण्यावर चतुर फिरत होते. मग कणसं हलली. आधी एक, मग दुसरं, दोन पाणमांजरं काठावर आली आणि मासा फोडून खाऊ लागली. काटे मोडल्याचा कुडुमकुडुम आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. सगळ्यांत मोठा आ कुणी वासला असेल तर तो सासूबाईंनी. खोटं बोलताना पकडल्यासारखा चेहरा झाला होता.

माळावर आणि पायऱ्यांवरही त्यांनी असंच थांबवलं. तिथे काही आलं नाही, पण कुणी कुरकुरलं नाही.

फाटकाशी पोचल्यावर मास्तर त्यांच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, तुमचा कुठला दुखायचा?"

सासूबाई चपापल्या. "उजवा," त्या म्हणाल्या.

"माझा डावा. मुलं, नातवंडं, सगळे माझ्यासाठी थांबतात हो, पण थांबून माझ्याकडे बघत बसतात. आज पहिल्यांदा कुणी बघितलं नाही."

मग ते खिडकीपाशी गेले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पुढच्या रविवारची दोन द्या. बायकोला आणतो, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. पण या बाई असतील ना?"

नवऱ्याने तिकिटांवरचा हात तसाच ठेवला आणि कचेरीच्या दाराकडे पाहिलं. साहेब तिथे उभे होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पायाकडे.

"असतील," साहेब म्हणाले. "दे तिकिटं."