सेनापतीचा कडू घास

सेनापती मेला त्या संध्याकाळी आई जेवली नाही. हा सेनापती म्हणजे टीव्हीवरच्या एका हिंदी मालिकेतला. स्वर्ग-पाताळासकट सप्तलोकांच्या वेशीवर पहारा द्यायचा, आणि त्याचं रक्त जिथे सांडेल तिथे झाड उगवायचं. नाचणगावातली आमची गल्ली सगळी भाजीपाला लावणाऱ्यांची, त्यामुळे या माणसाचं बायकांना भारी कौतुक. "एकडाव आमच्या वावरात आणून पाडा त्याले, खत तरी वाचन," असं शेजारची काकू दर दोन दिवसांनी म्हणायची. संध्याकाळी सातला सगळ्या आमच्याकडे जमायच्या, कारण आमचा टीव्ही मोठा. बाबा गेल्यावर आईला सोबत म्हणून मीच तो नागपूरहून पाठवला होता. माणसाऐवजी टीव्ही पाठवायची अक्कल माझीच.

बाबा कोरोनात गेले. दवाखान्यातून त्यांना परस्पर जाळायला नेलं, आईला त्यांचं तोंडही दिसलं नाही. आमच्याकडे मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकर घेऊन येतात, ताटात कडुलिंबाचं पान ठेवतात आणि समोर बसून घरच्यांना दोन घास खायला लावतात. हाच कडू घास. वर्षानुवर्षं बोलणं बंद असलेली घरंही तो चुकवत नाहीत. बाबांच्या दिवशी मात्र आमच्या फाटकापर्यंत कोणी आलं नाही. दुपारी आईने स्वतःच भात टाकला आणि एकटीने खाल्ला. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही वांग्याचा भाव सांगावा तशा आवाजात. त्यानंतर चार वर्षं तिला रडताना कोणी पाहिलं नाही. एकदा तरी तिने मोकळं रडावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी स्वतः काय केलं, ते मात्र विचारू नका.

तर सेनापती. मी त्या आठवड्यात सुट्टी काढून घरी होते. मालिकावाल्यांनी त्याचं मरण अगदी साग्रसंगीत दाखवलं. मांडीवर डोकं, तोंडात पाणी, सगळी सेना ओळीने दर्शनाला, मग चिता. काकूने पदर डोळ्यांना लावला. तिची सून म्हणाली, "काऊन रडता जी? येते तो परत. यायच्या सिरियलीत कोणी मरत नाई." सगळ्या गेल्यावर आई टीव्ही बंद करत म्हणाली, "याचं तोंड तरी पाह्यले भेटलं," आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी दोनदा जेवायला उठवलं. नाही उठली.

फोनवर त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे, मीही त्यात आहे. तिथे नुसता हलकल्लोळ. कोणी मालिका सोडली म्हणून जाहीर केलं, कोणी लेखकाला शिव्या घातल्या, एकाने तर चितेपाशी झाड उगवलं नाही म्हणजे तो जिवंतच आहे असं सिद्ध करून दाखवलं. मलाही भरून आलं. मी लांबलचक लिहिलं, आणि शेवटी टाकलं की आज त्याला जीव लावणाऱ्या एकाही घरात चूल पेटणार नाही. वाक्य झकास जमलं. लोक हळहळले, रडके चेहरे पाठवले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

काकूची सूनही त्याच ग्रुपवर. तिने सकाळी ते सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. आईने खरंच रात्रीचं खाल्लं नाही हे माझ्याकडून कळलंच होतं. दुपारी काकू ताट घेऊन आमच्या ओसरीवर आली. पिठलं, ज्वारीची भाकर, वर कडुलिंबाचं पान. मागे सून तोंड दाबून हसत होती. "घे वं बाई," काकू म्हणाली, "सेनापतीचा कडू घास. तुह्या पोरीनंच लिवलं न, चूल पेटत नाई म्हणून."

मलाही हसू आलं. आई संध्याकाळच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत होती. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. हातातली जुडी तशीच धरून ती ताटाकडे पाहत राहिली. वरचं पान उचललं, परत ठेवलं.

"याच्यासाठी आणला तुनं," ती म्हणाली. "हिच्या बाबाच्या दिवशी काऊन नाई आणला?"

सुनेचं हसू गेलं. काकू हळूच खाली बसली. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगेल, रस्ते बंद होते, पोलीस होते. पण ती म्हणाली, "भेव वाटत होतं, बाई. माह्या घरात लहान लेकरं होते. मी दारातून पाहत होती तुह्याकडे. पाय उचललाच नाई."

"खरं बोलली," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला सोसलं असतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "अन तुले?"

नागपूरहून नाचणगावला दोन तास लागतात. तेव्हा मी आईला सांगितलं होतं की प्रवासाचा पास मिळत नाही. नातेवाइकांनाही तेच सांगितलं, ऑफिसातही तेच. लोकांनी माझीच समजूत काढली. पासासाठी मी अर्जच केला नव्हता.

"मलेबी भेव वाटलं," मी म्हणाले. "मी पास मांगितलाच नाई, आई."

"मले मालूम होतं," आई म्हणाली.

ती रडली नाही. ताट तिने काकूच्या हातात परत दिलं, भरलेलं. आमच्याकडे असं कोणी करत नाही. काकूने ते घेतलं आणि सुनेला घेऊन गेली. आई पुन्हा जुड्या बांधायला बसली. मीही शेजारी बसले. मी घरी असले की ती अर्धा सांबार माझ्यापुढे सरकवते. त्या दुपारी तिने सगळा स्वतःकडे ओढून घेतला.