वस्तादांची कवळी

स्वच्छतेचा सोस असावा तर सलूनवाल्या वस्तादांसारखा. गिऱ्हाईक उठलं की कंगवे जंतुनाशकाच्या बरणीत, वस्तरा उकळत्या पाण्यात. कुणी घाईघाईने "राहू द्या हो" म्हटलं, तर त्यालाच खुर्चीवरून उठवायचे! आणि हाच पठ्ठ्या स्वतःची कवळी मात्र दिवसरात्र तोंडात ठेवून होता. झोपेतसुद्धा.

कारण होती बायको. वस्तादांची सारी हयात लोकांच्या दाढ्या करण्यात गेलेली, त्यामुळे दात गेले की चेहऱ्याचं काय होतं हे त्यांना पाठ होतं. गाल आत, हनुवटी वर. अशा गिऱ्हाइकाला ते प्रेमाने म्हणायचे, "काका, गाल फुगवा बघू." मग वस्तरा कसा अलगद फिरायचा. पण आपलं बोळकं आपल्याच बायकोने पाहायचं? छे! सलूनच्या मागच्या खोलीत दोघांचा संसार. वस्ताद न्हाणीघराला कडी लावून कवळी नुसती खळखळून घ्यायचे आणि लगेच तोंडात बसवायचे.

व्हायचं तेच झालं. तोंडाची आग आग होऊ लागली. एरवी ज्यांच्या गप्पांपायी लोक दाढी झाल्यावरही बसून राहायचे, ते वस्ताद मुकाट्याने कात्री चालवू लागले. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं. टाळू लालभडक, त्यावर पांढरे ठिपके.

"बुरशी आहे ही. रात्री कवळी काढून ठेवता ना?"

वस्तादांनी नजर छताकडे वळवली. बाईंनी काय ते ओळखलं. "रोज मऊ ब्रशने घासायची. रात्री बाहेर काढून या गोळीच्या पाण्यात बुडवायची, सकाळी धुऊन घालायची. आणि टाळूला हे औषध."

बाकी सगळं ठीक, पण रात्री बाहेर काढायची? वस्तादांनी वाटेत आपलं डोकं चालवलं. वस्तरा उकळून शुद्ध होतो, तर कवळीने काय घोडं मारलंय? एकदाच सणसणीत उकळावी, बुरशीचा निकाल लागेल, मग रात्री काढायला नको. बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी पातेलं चढवलं. बाहेर काढली तेव्हा कवळी अशी वाकडी झाली होती, की तोंडात बसता बसेना.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. नवी करण्यावाचून इलाज नव्हता, आणि टाळू बरी झाल्याखेरीज मापही घेता येणार नव्हतं. वस्ताद घरी आले ते तोंडाला पंचा लावून. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसले.

सकाळी सलून उघडण्याआधी ते आरशासमोर दाढीला बसले. न्हाव्याने खुंट वाढवून दार उघडायचं म्हणजे धंद्याची लाजच. पण आत गेलेल्या गालावर वस्तरा धड चालेना. पातं घसरलं आणि रक्त आलं. मागून बायको आली तशी त्यांनी झटकन पंचा ओढला.

"लपवताय काय?" ती म्हणाली. "झोपेत तुम्ही आ वासता, वरची कवळी खाली घसरते. रोज मीच हनुवटी धरून तोंड मिटवते. गिळून बसाल या भीतीने मला धड झोप नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वस्तादांना भरून आलं. आपण तोंड लपवत होतो आणि ही बिचारी जागत होती. बायकोने पंचा बाजूला केला, जखमेवर तुरटी लावली आणि वस्तरा हातात घेतला. इतकी वर्षं पडद्याआडून ऐकलेलंच ती म्हणाली, "गाल फुगवा बघू."

वस्तादांनी फुगवले. मग हसू आलं आणि सगळी हवा फुस्सकन निघून गेली. "परत," ती म्हणाली.

नवी कवळी आली त्या रात्री वस्तादांनी न्हाणीघराचं दार उघडंच ठेवलं. कवळी ब्रशने घासली, बायकोदेखत वाटीत बुडवली, गोळी टाकली. मग अंथरुणाशी येऊन बोबड्या तोंडाने म्हणाले, "आता तू झोप."