पांढऱ्या धातूचा वेग

माझी बदली पिंपरीजवळच्या फौजी वर्कशॉपमध्ये झाली, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं लोटली होती. मोडीत निघालेल्या गाड्यांचे, विमानांचे भाग आमच्याकडे येत. त्यांतून कामाचे सुटे भाग बनवायचे, हे रोजचं काम. मी सिपाही, लेथवर धातू फिरवून कातणारा टर्नर. माझे उस्ताद हवालदार शंकर, जवळच्याच कुरुळीचे.

लहान लेथवर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकून वेग बदलायचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड सावकाश, पितळ जोरात, अ‍ॅल्युमिनियम त्याहून जोरात. "मशिनीचा जोर बघू नको. धातूला काय सोसतंय ते बघ," उस्ताद सांगत.

त्या दुपारी विमानाच्या चाकाचा एक तुकडा आला. स्टोअरने अ‍ॅल्युमिनियम म्हणून पाठवला होता. जनरेटरसाठी त्याची रिंग हवी होती. तो जनरेटर संध्याकाळच्या कॉन्व्हॉयबरोबर, गाड्यांच्या ताफ्याबरोबर, जाणार होता. उस्तादांनी तुकडा हातात तोलला.

"साहेब, लई हलका हाय ह्यो. सावकाश घेतो."

"वेळ नाही, शंकर. अ‍ॅल्युमिनियमचा स्पीड लाव," वर्कशॉपचे सुभेदार साहेब म्हणाले.

"जी साहेब."

काम जवळजवळ संपलं होतं. शेवटचा बारीक काप चालू असताना हत्याराची धार गेली. ते कापायचं सोडून घासू लागलं. एक ठिणगी पडली आणि खालच्या ट्रेमधला कीस पेटला. जाळ इतका पांढरा की बघवेना. शेजारच्या मशिनीवरचा सिपाही प्रभाकर पाण्याची बादली घेऊन धावला.

बर्माच्या लढाईत उस्तादांनी असे पांढरे पेटणारे बॉम्ब पाहिले होते. ते ओरडले, "पानी नगं! वाळू आणा!"

मी वाळूकडे पळालो. प्रभाकरला ऐकूच गेलं नाही. उस्तादांनी मध्ये शिरून त्याला मागे ढकललं, पण बादली हातातून सुटून पाणी जाळावर पडलं होतं. स्फोट झाला. मी वळलो तेव्हा उस्ताद जमिनीवर होते. प्रभाकरचे फक्त हात भाजले.

उस्ताद दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मग गेले.

फौजेच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, कळलं, तुकडा मॅग्नेशियमचा होता. घासून तापला की पेटतो आणि पाण्याने भडकतो. सुभेदार साहेबांनी आपला हुकूम लपवला नाही.

उस्तादांचं सामान घेऊन मी कुरुळीला गेलो. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. सामानाला त्यांनी हात लावला नाही.

"लोक म्हणत्यात, पोराच्याच हातून चूक झाली. व्हय का?"

"नाही, बाबा. धातू वेगळाच दिला होता. ते आडवे गेले नसते, तर दुसरा एक जवान मेला असता."

"मला नगं सांगू. देवळापाशी मान्सं बसल्यात. त्यांना सांग."

मी युनिफॉर्ममध्ये होतो. देवळासमोर सावधान उभा राहिलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाण्याच्या बादलीपाशी येऊन मी थांबलो, तेव्हा उस्तादांचे वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले. "हवालदार शंकरनं पुढं काय केलं, ते समद्यांना सांग."