किसनाच्या नाकातलं तेल

माझा धाकटा भाऊ किसना म्हणजे उभ्या जन्मात कोणाला अडचण न होणारा माणूस. धामणगावची शेती बटईनं देऊन लेकानं, नितेशनं, त्याला अमरावतीला, राजापेठेत आणला, तर हा पोटच्या लेकाकडे पाहुण्यासारखा राहू लागला. आंघोळ सगळ्यांच्या मागून. चहा पुढ्यात आला तर घेणार, मागणार नाही.

एका सकाळी सून प्रणाली हसत बोलून गेली, "बाबा, रात्री ट्रॅक्टर चालून राहिला होता काय?" पोरीच्या मनात काही नव्हतं. हा मात्र शरमेनं अर्धा झाला. घोरणं थांबावं म्हणून रोज झोपताना उताणा पडून नाकात जवसाचं तेल घालू लागला. आमच्या माहेरी तेल कानात, नाकात, बेंबीत, सगळीकडे चाले. पण थेंब-दोन थेंब. हा चमच्यानं ओते. घरात कोणाला पत्ता नाही. मलाही हे सगळं मागाहून कळलं.

वर्षभरात खोकला लागला. छातीच्या फोटोत खाली पांढरा डाग निघाला. एक डॉक्टर म्हणे टीबी, दुसऱ्याला कॅन्सरची शंका. थुंकीत काही सापडेना. किसनानं आपला गिलास वेगळा केला, नातीला जवळ येऊ देईना.

शेवटी अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मोठा स्कॅन करवला. मीही सोबत होते. त्या म्हणाल्या, टीबी काय, गाठ काय, साध्या फोटोत डाग सारखाच दिसतो. पण या डागात चरबी दिसते. तेल-तूप नाकातोंडात घालता का?

प्रणाली शेजारीच उभी. किसनानं मान हलवली, नाही म्हणून.

मग पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल, त्या म्हणाल्या, त्यात थोडा धोका असतो. नितेश सही करायला वाकला. पेन टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. किसनाला तेवढं पाहवलं नाही.

"ठेव तो पेन. घालतो मी तेल. घोरतो नं मी, म्हणून."

चोरी पकडल्यासारखा तो जमिनीकडे पाहत होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, देव त्यांचं भलं करो. झोपेत तेच तेल फुफ्फुसात उतरत असणार, ते बंद करा, म्हणाल्या, दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. डाग हटला नाही तरच सुई.

बाहेर आल्यावर प्रणाली कशीबशी म्हणाली, "बाबा, मी थट्टा केली होती."

"मले मालूम आहे नं, माय."

तरी अमरावती येईपर्यंत गाडीत एक या खिडकीतून बाहेर पाहत होता, दुसरी त्या. मधे मी, कोणाकडे पाहायची मलाही लाज वाटत होती.