चव बघायची ताटली

आम्ही तिघं मित्र जमलो की पहिला चहा यायच्या आत मेसचे किस्से सुरू होतात. वर्षं जातील तसे हे किस्से कमी व्हायला हवेत, पण आमच्याकडे ते वाढतच चाललेत, कारण दर वेळी प्रत्येक जण थोडं तिखटमीठ लावतो! माझी बायको विचारते, "तुम्ही लातूरला बारावी करायला गेला होता की जेवायला?" खरं सांगू? जेवायलाच. तिथं काय शिकलो ते आज फारसं आठवत नाही, पण शरणम्मा मावशींची येसराची आमटी अजून जिभेवर आहे.

दिवस भूकंपानंतरचे. लातूर एकीकडे सावरत होतं आणि दुसरीकडे गावोगावची पोरं ट्रंका घेऊन क्लासेससाठी उतरत होती. मी नांदेडचा, सुधीर धर्माबादचा, इरफान उदगीरचा. तिघं एका खोलीत राहायचो आणि जेवायला घरमालकाच्या मागच्या अंगणात, मावशींच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचो.

*

सुधीरच्या घरी मिरचीची आडत. पहिल्याच दिवशी पाटावर बसता बसता त्यानं जाहीर केलं, "मावशी, आमच्याकडं मिरचीची पोती असतात. आपल्याला तिखट लागत नाही!"

मावशींनी त्याच्या भाकरीवर ठेच्याचा एक गोळा ठेवला. दुसऱ्या घासाला सुधीरच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"घरची आठवन आली व्हय लेकरा?" मावशींनी अगदी मायेनं विचारलं.

"हाव," सुधीर कसाबसा म्हणाला. तो आजही शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्याला घरची आठवण खरोखरच आली होती!

*

मावशींकडे "पुरे" हा शब्द चालत नसे. पोट भरलं की आम्ही ताटावर आडवा हात धरायचो. मावशी तव्यावरची भाकरी आणायच्या आणि थेट त्या हातावर धरायच्या.

"हात भाजंल. काढ."

हात निघायचा आणि भाकरी ताटात पडायची. एकदा इरफाननं डोकं लढवलं आणि हातावर रुमाल बांधून जेवायला बसला. मावशींनी रुमालाकडे बघितलं, म्हणाल्या, "बरं झालं, धरायला फडकंच सापडत नव्हतं." रुमाल गेला, भाकरी आली!

*

मावशी स्वतः मात्र आमच्याबरोबर कधी जेवल्या नाहीत. सगळ्यांचं झालं की ताट घेऊन अंगणातल्या लिंबाखाली जायच्या. पाऊस असला तर पत्र्याखाली. घरमालकीण सणाला आत बोलवायची. मावशी जायच्या, बसायच्या, बोलायच्या, पण स्लॅबखाली घास तोंडात घालायच्या नाहीत.

त्यांचं गाव किल्लारीकडचं. गणपती विसर्जन करून झोपलेलं गाव पहाटे दगडमातीच्या माळवदांखाली गेलं. त्यात त्यांचं सगळं घर होतं. त्या माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. सुधीरनं एकदा धीर करून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझं ध्यान वरच ऱ्हातंय रं. घास उतरत न्हाई."

आम्ही तिघांनी तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस या बाईला आपल्या पंगतीत बसवायचं. आपण वाढायचं आणि त्यांनी जेवायचं.

*

इरफानचा अभ्यास म्हणजे फिजिक्सचं पुस्तक तोंडावर आणि हा पुस्तकाखाली गाढ! एका दुपारी आम्ही शेडमध्ये जेवत होतो, हा खोलीत असाच पडलेला. अचानक पत्रे खडखडले, फळीवरची भांडी वाजायला लागली. तेव्हा असे बारीक धक्के अधूनमधून बसायचे. "हलतंय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं शेड, सगळी बिल्डिंग बाहेर पळाली. आम्ही ताटासकट पळालो.

एकट्या मावशी आत पळाल्या! सरळ आमच्या खोलीत, स्लॅबखाली. बाहेर आल्या त्या इरफानचा कान धरून. तो अर्धवट झोपेत, पुस्तक अजून छातीशी धरलेलं. मावशी कान सोडायला तयार नाहीत.

धक्का तर केव्हाच थांबला होता. इरफान डोळे चोळत म्हणाला, "क्या हुआ मावशी? जेवण झालं का?"

मावशींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच बसून रडल्या. त्यांना रडताना आम्ही तेवढंच एकदा पाहिलं. त्या दिवसापासून इरफानचं पुस्तक तोंडावरून खाली आलं.

*

निकाल लागला. सुधीर मेडिकलला, इरफान इंजिनिअरिंगला, आणि मी कुठंच नाही! लाजेनं मी जेवायलाच गेलो नाही. मावशी खिडकीशी आल्या.

"का रं, आज उपास हाय का?"

"मावशी, माझे मार्क फार कमी आलेत."

"मी मार्कं बघून वाढते व्हय? चल, आमटी निवून चालली."

मी गेलो, रडत रडत जेवलो, आणि त्यांनी नेहमीसारखी हातावर भाकरी धरली. पुढं बी.एड. करून मास्तर झालो. आजही एखादं पोर कमी मार्क घेऊन कोपऱ्यात उभं असलं की मी आधी विचारतो, डबा खाल्लास का? हे माझ्यात मावशींकडूनच आलंय, आणि त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

*

परवाच्या उन्हाळ्यात इरफाननं हैदराबादहून फोन केला. "मावशीला घेऊन या. दुपारचं टेबल बुक केलंय. एकदम भारी जागा!"

मावशींनी आता मेस बंद केलीय. नाही नाही म्हणत त्या गाडीत बसल्या, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. सुधीर आणि मी आलटूनपालटून गाडी चालवली. इरफानला आम्ही दहादा बजावलं होतं की टेबल उघड्यावर हवं. पोचून बघतो तर टेबल आत, बरोबर हॉलच्या मधोमध!

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सुधीर दाराशीच त्याच्यावर खेकसला.

"टेरेस रात्री उघडते. बस तर खरं," इरफान म्हणाला. मावशी आमचा मान ठेवून बसल्या. फडकं मांडीवरच होतं.

मग पदार्थ यायला लागले. प्रत्येक ताटली तळहाताएवढी, आणि तिच्यात तीन घास. मधे ठेवायचं, सगळ्यांनी वाटून खायचं, अशी तिथली पद्धत. भाजलेल्या रताळ्याचे काप, पालकाची कुरकुरीत पानं, आणि रुपयाएवढ्या ज्वारीच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी.

मावशींनी ताटल्या निरखल्या. आयुष्यभर मेस चालवलेली बाई! पंगतीआधी एखाद्या पोराला ताटलीत चव बघायला द्यायची, ही त्यांची रोजची रीत.

"चव बघायला धाडलंय. बघा रं, आन् सांगा."

आम्ही इमानदारीत चव बघितली. चांगलं आहे म्हणालो. मावशींनी वेटरला हाक मारली. "सगळं झ्याक झालंय म्हनत्यात पोरं. आता बसवा पंगत!"

वेटर बिचारा आमच्याकडे बघत राहिला. सुधीर टेबलाखाली तोंड लपवून हसत होता!

*

आमचं बऱ्यापैकी खाऊन झालं आणि मावशी उठल्या, नेहमीसारख्या. "बाहीर झाड दिसलं मला. मी खाऊन येते." फडकं हातात होतं. माझा घास तोंडातच राहिला. इतक्या वर्षांचा आमचा बेत, आणि तो आजही हुकणार होता.

"मावशी, थांबा," इरफान म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "जरा वर बघा."

मावशींनी वर बघितलं.

"हे छत माझं हाय मावशी. कॉलम, बीम, स्लॅब, सगळं डिझाइन मी केलंय. सळ्या बांधताना बी हितंच उभा होतो."

मावशी वरच बघत होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांची नजर सावकाश फिरली. मग खाली इरफानवर आली.

"तोंडावर पुस्तक घेऊन झोपायचा, त्योच न्हवं तू?"

"हाव मावशी."

"ह्ये करताना जागा होतास का?"

"पूर्ण वेळ मावशी. एक डोळा मिटला नाही."

सुधीर हसला नाही. मीही नाही.

मावशी खाली बसल्या. भाकरीचं फडकं त्यांनी पिशवीत ठेवलं आणि रिकामी ताटली पुढं ओढली.

"वाढ मंग."

इरफान उठला. त्यानं ज्वारीची ती रुपयाएवढी भाकरी वाढली. मावशींनी खाल्ली. त्यानं अजून एक वाढली, तीही खाल्ली. मग मावशींनी ताटलीवर आडवा हात धरला.

पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस तिसरी भाकरी घेऊन तसाच उभा राहिला. डोळे भरलेले. म्हणाला,

"हात भाजंल मावशी. काढा."