अकरा कड्यांची दोरी

दोरीमावशीचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. विशेष मुलांच्या त्या शाळेत ती मदतनीस. नाकं पुसण्यापासून हरवलेले बूट शोधण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. पण तिचं खरं राज्य समुद्राकाठच्या बागेत. दर महिन्याला मुलं बसने तिथे जायची आणि उतरल्या उतरल्या मावशीच्या दोरीला लागायची. दोरीला अकरा कापडी कड्या, ज्याची त्याची ठरलेली. मावशी पुढून एक हिसका द्यायची, मग मागून प्रत्येक मुलाचा एकेक हिसका परत यायचा. अकरा आले की वरात हलायची.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमची मावशी डोळ्यांत तेल घालून मुलं सांभाळते." तेल घालायला डोळे उरले होते कुठे? आतली नस सुकत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दहा पावलांपलीकडचं मूल तिला धुक्यातल्या खांबासारखं दिसे. शाळेला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून झाकली मूठ झाकलेलीच ठेवून तिने सगळी भिस्त दोरीवर टाकली होती. हे एकट्या ड्रायव्हरला ठाऊक होतं, कारण बसची पायरी ती आधी पायाने चाचपायची.

त्या दिवशी झोपाळे झाले, घसरगुंडी झाली. वर्गाच्या बाई सामानाच्या पिशव्या घेऊन पुढे गेल्या. मावशीने मुलं दोरीला लावली, हिसका दिला. अकरा परत आले. सगळे निघाले.

बसपाशी बाई म्हणाल्या, "मावशी, मासोळी कुठंय?"

मासोळी बारा वर्षांची. बोलायची नाही, पण पाणी दिसलं की निघाली, मग ती फरशी पुसायची बादली का असेना.

"आहे की. अकरा आले."

"मला दहाच दिसतायत."

मावशी दोरी चाचपत मागे गेली. शेवटच्या कडीला होता दोनदोन. त्याला दोन बिस्किटं लागायची, दोन चमचे, दोन पेन्सिली. एक हात रिकामा राहिला तर तो त्याला चावायचा. पुढची, मासोळीची कडी मोकळी दिसली, ती त्याने दुसऱ्या हातात घेतली होती. आणि मग इमानेइतबारे दोन हिसके दिले होते.

ड्रायव्हर धावला. मावशी दोरी धरून उभी राहिली. समुद्र तिला दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता, आणि भरती लागलेली होती.

मासोळी खडकांत सापडली. ओठ निळे, गुडघा फुटलेला. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. वाचली, पण छातीतली घरघर गेली नाही.

दवाखान्याच्या बाकावर ड्रायव्हर म्हणाला, "बागेचं फाटक उघडं होतं म्हणून सांगू. तिथल्या रखवालदाराला शिव्यांची सवय आहे."

"बंद होतं ना?"

"होतं. ती कठड्यावरून गेली. पण तुला कुठं दिसलंय?"

शाळेत मोठ्या बाईंनी मात्र खापर फोडायला डोकं आधीच शोधलं होतं. "दोनदोनचे उद्योग हे. त्याला यापुढे कुठेही न्यायचं नाही. घरी कळवते आजच."

मावशी गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती.

"त्याने दोन धरल्या, दोन हिसके दिले," ती म्हणाली. "त्याचं काय चुकलं? मला दिसत नाही, मोठ्या बाई. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि पोरं तुमच्या हातात?"

"हो," मावशी म्हणाली.

बागेच्या सहली बंद झाल्या. मावशीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मासोळीची आई शाळेच्या फाटकात उभी होती. नुसती मावशीकडे बघत राहिली. "बरं झालं, तुला तिचा चेहरा दिसला नाही," ड्रायव्हर म्हणाला. मावशीला तो न दिसताच लागला होता.

तिने दोरी नव्या मदतनीस मुलीच्या हातात दिली. वर्गातून जेवणाच्या खोलीपर्यंत मुलं न्यायला, आता तेवढ्यापुरतीच उपयोगाची.

"मी डोळ्यांनी मोजीन हं, मावशी," मुलगी जरा तोऱ्यात म्हणाली.

"मोज. पण आधी दोनदोनच्या दुसऱ्या हातात काहीतरी दे."