पासिंगचे टायर

संशय हा माझा स्वभावच आहे. दूधवाल्याने भांडं पुढे केलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते आणि मग दुधाकडे. चिकूची पाटी वरून कितीही देखणी असली तरी हात तळाशी घातल्याशिवाय मी घेत नाही. डहाणूच्या बाजारातल्या बायका मला बघितलं की एकमेकींना खुणावायच्या. माझे यजमान रेल्वेत होते, शांत माणूस. ते म्हणायचे, "तू चुकून शाळेत गेलीस. पोलिसात जायला हवं होतंस."

मी कैनाडच्या शाळेत शिकवायचे. माहेर तलासरीला. माझा धाकटा भाऊ तिथल्याच एका गवताच्या गुजराती व्यापाऱ्याकडे ट्रक चालवत असे. सायवन, उधवा या भागातलं गवत भरायचं आणि मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचं, हे त्याचं काम. आमचे वडील शिक्षक, बहीण शिक्षिका, आणि हा ड्रायव्हर झाला म्हणून घरात एकेकाळी बरीच आदळआपट झाली होती. पण त्याला गाडीच आवडायची. आणि मला तो आवडायचा, त्यामुळे त्याच्या गाडीवर माझा डोळा असायचा.

एसटीने तलासरीला जाताना हायवेच्या कडेला रबराच्या लांबच लांब पट्ट्या पडलेल्या दिसत. मी एकदा भावाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "रिमोल्ड. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवतात. चांगलं चढवलं नाही की असं सुटतं."

झालं. तेव्हापासून रिमोल्ड हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. जुन्यावर वरून नवं चढवायचं म्हणजे फसवणूकच, अशी माझी खात्री. भाऊ हसायचा. "ताई, सगळे वापरतात. कायद्यात बसतं. टायरचा सांगाडा मजबूत असला तर रिमोल्ड वाईट नसतो. फक्त मागे लावायचा. मागे जोडीची चाकं असतात, एक फुटलं तरी दुसरं सांभाळून घेतं. पुढे एकेकटंच असतं. ते गेलं की स्टेअरिंग गेलं."

"आणि तुझ्या पुढच्या चाकांना काय आहे?"

"नवे आहेत गं बाई."

ते 'गं बाई' मला आवडलं नाही. खरं बोलणारा माणूस एवढं लाडात येत नाही.

पुढे कळलं की गाडी दरवर्षी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. तिथे साहेब ब्रेक बघतात, दिवे बघतात, टायरची नक्षी बघतात. आणि या साहेबांसाठी तलासरीच्या गाडीवाल्यांनी एक सोय करून ठेवली होती. चांगल्या टायरांचा एक संच होता, भावाच्या शेठच्या वखारीत ताडपत्रीखाली ठेवलेला. ज्याची गाडी पासिंगला जाणार त्याने तो लावायचा, गाडी पास करून आणायची, आणि परत आल्यावर काढून पुढच्याला द्यायचा. त्यांना नावच होतं, पासिंगचे टायर. लग्नात घालायचा कोट गल्लीत फिरावा तसे ते फिरत. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट आपल्यात किती एकी आहे याचं कौतुक होतं.

"आणि बाकीच्या वर्षभर?" मी विचारलं.

"बाकीच्या वर्षभर देव आहे," भाऊ म्हणाला.

असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. मी त्याला भरपूर सुनावलं. तो ऐकून गाडीवर निघून गेला.

मग त्याचं लग्न ठरलं. मुलगी सायवनची. शेठ खूश होऊन म्हणाले, वऱ्हाडाला माझाच ट्रक, डिझेलसुद्धा माझं. घरात सगळ्यांना भरून आलं. मला मात्र पहिला प्रश्न पडला, कुठल्या टायरांवर? पण लग्नघरात असं विचारायची सोय नसते. आत्या म्हणालीच असती, हिला शेठच्या चांगुलपणातही खोट दिसते.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक दारात आला. हौद्यात गवताच्या गाद्या, वर सतरंज्या, कडेने आंब्याचे डहाळे. बायका, म्हातारे, पोरंटोरं चढून बसली. वाजंत्रीवाले बसले. शेठ स्वतः हात जोडून उभे. चालवायला त्यांचाच दुसरा ड्रायव्हर होता. भाऊ मुंडावळ्या बांधून बाजूला उभा, घाम पुसत. आमच्याकडे वऱ्हाडाची गाडी पुजल्याशिवाय हलत नाही. नवऱ्याची बहीण म्हणून ताम्हण माझ्या हातात आलं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला, आणि कुंकू लावायला मी पुढच्या चाकाशी वाकले.

टायर काळाभोर, चकचकीत. नक्षी चांगली खोल. माझं समाधान होणार होतं. पण बोट उचललं तर कुंकवाबरोबर काळा रंगही बोटाला आला. ओलं पॉलिश. मी त्याच बोटाने नक्षीची खाच चाचपली. एका ठिकाणी सुरी घसरून वेडीवाकडी गेली होती. कारखान्यातून आलेल्या टायरची नक्षी अशी वाकडी जात नाही. खाचेच्या तळाला बोटाला खरखरीत लागलं. पॉलिश खरवडलं तर खाली सांगाड्याचे धागे.

म्हणजे हा रिमोल्डही नव्हता. रिमोल्डमध्ये निदान नवं रबर तरी असतं. इथे गुळगुळीत झालेल्या टायरमध्येच गरम पात्याने खाचा पाडल्या होत्या. आधीच पातळ, त्यात आणखी कोरलेला. आणि तोही पुढच्या चाकाला.

मी उठले आणि म्हणाले, "उतरा सगळे. गाडी जाणार नाही."

वाजंत्री थांबली. आत्या वरूनच म्हणाली, "मुहूर्ताच्या वेळी हिच्या अंगात आलं."

शेठ हसत पुढे आले. "बेन, शुभकामाच्या टायमाला असं काय बोलता? एकदम नवा टायर छे."

"मग बोट घाला यात."

त्यांनी घातलं नाही. वडिलांनी घातलं. ते धोतर सावरून खाली बसले, धागे बघितले, आणि आयुष्यभर वर्गात जो आवाज वापरला त्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी खाली उतरायचं." मग कोण बसून राहतं? शेठ म्हणाले, मला ठाऊकच नव्हतं, टायरवाल्याने फसवलं. मी त्यांच्यावर तेव्हाही विश्वास ठेवला नाही आणि आजही ठेवत नाही. पण त्यांनी लगोलग वखारीतून पासिंगचे टायर मागवले. जॅक लागला, बोल्ट सुटू लागले. आत्या सगळ्यांना सांगायला लागली की पोरीची नजर लहानपणापासूनच तेज आहे.

मी भावाजवळ गेले. वाटलं होतं, तो हात धरेल, बरं झालं म्हणेल. तो चाकाकडे बघत उभा होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दिवाळीपासून याच टायरवर गवत नेतोय, ताई," तो म्हणाला.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. नवरदेवाच्या थोबाडीत मारता येत नाही म्हणून मारली नाही, एवढंच.

लग्न उशिरा लागलं, पण लागलं. उधव्याच्या पुढच्या प्रत्येक उतारावर मी हौद्याची फळी घट्ट धरून बसले होते. पासिंगच्या टायरांवरही माझा फारसा भरवसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी वखारीतून माणूस आला आणि ते टायर काढून घेऊन गेला. जुने परत चढले.

सत्यनारायण झाल्यावर भाऊ कामावर निघाला, पहिली खेप सायवनचीच. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "वऱ्हाडासाठी गाडी अडवलीस तर सगळे शहाणी म्हणाले. माझ्यासाठी अडवलीस तर उद्या दुसरा ड्रायव्हर येईल. मला गाडीच येते, दुसरं काही येत नाही."

नवी नवरी कोपऱ्यात भाजी निवडत होती. घरात आल्यापासून ती फारसं बोललीच नव्हती. तिने हात धुतले आणि मला विचारलं, "वन्सं, वऱ्हाडासाठी टायर निघाले होते ना?"

"निघाले होते."

ती चपला घालून वखारीकडे चालू लागली. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा ती ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसली होती. हिरवा चुडा, हळद अजून अंगावर. शेठ खाली उभे, त्यांना काही सुचेना. "बेन, उतरो. हळदीच्या अंगाने गवताच्या गाडीत?"

"मी सायवनला माहेरी चाललेय. यांच्याबरोबर."

माणसं जमली. नवी नवरी बसलेली गाडी त्या टायरांवर सोडायची, आणि उद्या काही झालं तर तलासरीत तोंड दाखवायचं कसं, हे शेठच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी ताडपत्री काढायला सांगितली. पुढची दोन्ही चाकं बदलली.

भाऊ चरफडत स्टेअरिंगवर येऊन बसला. "झालं ना मनासारखं? उतर आता."

"आणि पुढच्या पंक्चरवाल्याकडे परत बदलले तर?" ती म्हणाली आणि पदर खोचून नीट बसली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. गाडी वखारीच्या फाटकातून बाहेर पडली. माझ्याहून संशयी माणूस घरात आलं होतं, आणि कित्येक महिन्यांनी मला हायसं वाटलं.